घरातली झाडं, तापमान आणि आर्द्रता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पानांच्या कडा वाळायला लागल्या की पहिला संशय पाण्यावर जातो, दुसरा खतावर. हवेवर संशय घ्यायची वेळ येईपर्यंत अर्धं झाड गेलेलं असतं. खालचे प्रश्न त्या तिसऱ्या संशयिताबद्दलचे आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. विषयच तसा आहे.

घरातल्या झाडांना नेमकं किती तापमान आणि किती आर्द्रता लागते?

शोभेच्या बहुतेक पानाळू झाडांना दिवसा १८ ते २७ अंश सेल्सिअस आणि ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता पुरते. मनीप्लांट, स्नेक प्लांट, झीझी प्लांट यांना तर याची फारशी फिकीरच नसते. कॅलॅथिया, मरांटा आणि नाजूक नेचे मात्र ६० च्या खाली कुरकुर करू लागतात: नवं पान गुंडाळीतून नीट सुटत नाही, कडा कागदासारख्या होतात. निवडुंग आणि रसाळ झाडं ३० ते ४० टक्क्यांत सुखी असतात.

उष्ण प्रदेशातल्या झाडांना १० ते १२ अंशांच्या खालची थंडी बाधते. बर्फ पडायची गरज नसते. तुळस तर एका थंड रात्रीत काळी पडते.

फुला-फळांच्या झाडांचं गणित वेगळं. फॅलेनॉप्सिस ऑर्किडला फुलांचा दांडा फुटण्यासाठी काही आठवडे २५ अंशांखालचं वातावरण लागतं; बाराही महिने उबदार खोलीत ठेवलं तर ते पानंच देत बसतं. टोमॅटोला दिवसा ३२ च्या वर आणि रात्री २४ च्या वर तापमान राहिलं की फुलं येतात नि गळतात, फळ धरत नाही. तेव्हा ‘घरातली झाडं’ असा एकच आकडा मागू नका. आपल्या झाडाचं नाव आधी सांगा.

माझ्या दोन खोल्यांत आर्द्रता ६० टक्केच आहे, पण एका खोलीतली झाडं सुकतात. असं कसं?

बहुधा ती खोली जास्त गरम असेल. या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून इथे थोडं थांबू.

हवेत किती वाफ मावते हे तापमानावर ठरतं. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण १७ ग्रॅम वाफ राहू शकते, ३० अंशांच्या हवेत ३० ग्रॅम. सापेक्ष आर्द्रता म्हणजे ‘मावण्याजोग्या वाफेपैकी किती टक्के आहे’ एवढंच. त्यामुळे २० अंश आणि ६० टक्क्यांची हवा नुसती तापवून ३० अंशांवर नेली, वाफेचा एक कणही बाहेर काढला नाही, तरी मीटर ३३-३४ टक्के दाखवेल. हवा कोरडी केली नाही कुणी. तिची तहान वाढली.

ही तहान मोजता येते. पानाच्या आत हवा वाफेने भरलेली असते, बाहेर थोडी रिकामी. या दोहोंतल्या दाबाच्या फरकाला बाष्पदाब तूट म्हणतात. बागायतदार सरळ व्हीपीडी म्हणतात. २० अंश आणि ६० टक्क्यांना ती सुमारे ०.९४ किलोपास्कल येते, ३० अंश आणि त्याच ६० टक्क्यांना १.७. आकडा तोच, पण गरम खोलीतली हवा पानातून पाणी ओढायला जवळजवळ दुप्पट जोर लावते. तुमच्या दुसऱ्या खोलीतलं झाड त्या जोरापुढे हरतंय.

म्हणून ‘माझ्याकडे आर्द्रता किती आहे’ याला तापमान सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

मग व्हीपीडीचा तक्ता छापून भिंतीवर लावू का?

ग्रो टेंटमध्ये (दिवे आणि पंखा लावून झाडं वाढवायच्या बंद तंबूत) पीक घेत असाल तर लावा. खिडकीत तीन कुंड्या असतील तर नको. झाडाकडे बघण्याऐवजी माणूस तक्त्याकडे बघत बसतो.

ढोबळ पट्टे असे: रोपं आणि मुळं न फुटलेली कलमं ०.४ ते ०.८ किलोपास्कल, पालेदार वाढ ०.८ ते १.२, फुलोरा १.२ ते १.६. एक मेख आहे. बरेच तक्ते पान आणि हवा सारख्याच तापमानाची धरतात. प्रत्यक्षात पाणी सोडणारं पान हवेपेक्षा अंश-दोन अंशांनी थंड असतं. हवा २५ अंश, ६० टक्के असेल तर तक्ता १.२७ सांगेल, पान २३ अंशांचं असेल तर खरी तूट ०.९ च्या आसपास असते. स्वस्तातला इन्फ्रारेड तापमापक पानावर धरून पाहिला की हा फरक कळतो. मी तो घेतल्यापासून तक्त्याशी भांडण बरंच कमी झालं आहे.

हवा फार कोरडी किंवा फार दमट असली तर झाडाच्या आत होतं काय?

मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९७ टक्क्यांहून जास्त पाणी झाड वाफ करून सोडून देतं. ही उधळपट्टी नाही. त्याच प्रवाहावर क्षार वर चढतात आणि पान थंड राहतं.

हवेची तहान फार वाढली की झाड पर्णरंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडची वाटही बंद होते आणि वाढ थांबते. माती ओली असूनही पानं दुपारी मान टाकतात ती याचमुळे. अशा वेळी आणखी पाणी घालणं म्हणजे मुळं कुजवण्याची तयारी.

उलट टोकाला हवा वाफेने गच्च भरली तर प्रवाहच मंदावतो. कॅल्शियम फक्त या प्रवाहासोबत चालतं, एकदा पानात पोचलं की तिथून हलत नाही. त्यामुळे लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात, टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो. खतात कॅल्शियम भरपूर, तरी झाडाला मिळत नाही. लोक बाटल्यांवर बाटल्या कॅल्शियम ओततात. त्याआधी हवा हलते आहे का ते पाहिलेलं बरं.

पानांवर पाणी फवारलं की आर्द्रता वाढते ना?

काही मिनिटं वाढते. मग वाळते. पानांवरची धूळ जाते हा त्याचा खरा फायदा. हवा खेळती नसेल आणि पानं रात्रभर ओली राहिली तर बुरशीचे डाग हा तोटा. आफ्रिकन व्हायोलेटच्या लवयुक्त पानांवर तर थंड पाणी पडलं तरी चट्टे उठतात.

आणि कुंडीखाली खडे-पाण्याचं ताट?

ताटापासून बोटभर अंतरावर थोडा फरक पडतो, पानांपर्यंत फारसं काही पोचत नाही. निथळलेलं पाणी धरायला ताट उत्तम. ठेवा, पण आर्द्रतेचा उपाय म्हणून मोजू नका.

मग आर्द्रता खरोखर वाढवायची कशी?

सगळ्यात फुकटचा मार्ग म्हणजे झाडं एकत्र ठेवणं. प्रत्येक झाड स्वतःभोवती थोडी वाफ सोडतं. दहा झाडं जवळ आली की मधल्या जागेत त्याचा परिणाम जाणवतो. दाटीवाटी मात्र नको.

दुसरा मार्ग जागा लहान करण्याचा. पूर्ण खोली दमट करण्याच्या खटाटोपात भिंतींना ओल येते, झाडं आहेत तिथेच. चार हट्टी झाडांसाठी काचेचं कपाट किंवा झाकणाची पेटी घ्यावी. ही युक्ती जुनी आहे. १८२९ च्या सुमारास लंडनमधले डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी पतंगाचा कोश बंद बाटलीत ओलसर मातीवर ठेवला होता. त्या मातीत नेचा आणि गवत उगवून टिकलेलं त्यांना दिसलं. बाहेरच्या धुरकट हवेत त्यांचे नेचे जगत नव्हते. त्यातून काचेच्या बंद पेट्या आल्या आणि महिनोन्महिने चालणाऱ्या सागरी प्रवासात रोपं जिवंत पोचू लागली. आपलं टेरॅरियम हे त्याच पेटीचं धाकटं भावंड.

तिसरा मार्ग ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत वाफ सोडणारं यंत्र. अल्ट्रासोनिक प्रकारात (कंपनांनी पाण्याचे बारीक तुषार उडवणाऱ्या) क्षारांचं जड पाणी घातलं तर क्षारांचा पांढरा थर पानांवर आणि फर्निचरवर बसतो. आरओचं किंवा ऊर्ध्वपातित पाणी वापरा. यंत्राचं तोंड थेट झाडावर रोखू नका. टाकी आठवड्यातून एकदा घासून धुवा, कारण साचलेल्या पाण्यात जे वाढतं ते सगळं यंत्र हवेत उडवतं आणि ती हवा तुम्हीही घेता. ह्युमिडिस्टॅट असलेलं यंत्र घेतलं तर ठरवलेल्या आकड्याला ते आपणहून थांबतं.

मीटर कुठे ठेवायचा? आणि तो खरं सांगतोय हे कसं कळणार?

पानांच्या उंचीवर, सावलीत, हलत्या हवेत. दिव्याच्या थेट उजेडात ठेवलेला मीटर हवेचं नाही, स्वतःच्या प्लास्टिकचं तापमान सांगतो. मी पहिले दोन महिने असाच ३६ अंश वाचून घाबरत होतो. मीटरवर पुठ्ठ्याचा आडोसा धरल्यावर कळलं की हवा २८ चीच होती.

स्वस्त मीटर सहज तीन ते पाच टक्के चुकतात. शेजारी शेजारी ठेवलेले माझे दोन मीटर अकरा टक्क्यांनी भांडायचे. कोण खोटं बोलतोय हे मिठाने कळतं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत ठेवून पिशवी एकसारख्या तापमानाच्या जागी रात्रभर राहू द्या. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा साधारण ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ७० दाखवत असेल तर त्या टप्प्यात त्याच्या आकड्यात पाच मिळवायचे. मीठ मीटरला लागू देऊ नका.

कमाल-किमान आकडे लक्षात ठेवणारा मीटर घ्या. दुपारी चारला सगळं छानच असतं. झाड बिघडतं ते पहाटे.

दिवे बंद झाले की आर्द्रता थेट नव्वदीत जाते. काय करावं?

हा बंदिस्त लागवडीतला सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न आहे, आणि माझं सर्वांत मोठं नुकसान यातच झालं.

दिवसा टेंटमध्ये २७ अंश आणि ६० टक्के आहे असं धरा. या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते, साडेअठरा अंशांच्या आसपास येतो. रात्री दिवे बंद झाले, तापमान १८ वर आलं, तर त्याच वाफेने हवा संपृक्त होते आणि पानांवर दव धरतं. बाहेरून पाणी आलेलं नाही, मीटर दिवसभर ‘आदर्श’ दाखवत होता, तरी सकाळी पानं ओली. माझी दाट वाढलेली तुळस अशीच आतून करड्या बुरशीने गेली. वरून हिरवीगार होती; फांद्या बाजूला केल्या तेव्हा धुरासारखे बीजाणू उडाले.

उपाय असे. दिवे मालवल्यानंतरही एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. पहिले एक-दोन तास तर नक्कीच. टायमरने दिवे आणि पंखा एकत्र बंद करणं ही हमखास चूक. पाणी सकाळी द्या, म्हणजे मातीचा वरचा थर संध्याकाळपर्यंत सुकतो. रात्र दिवसापेक्षा फार तर पाच-सहा अंशांनी थंड राहील असं पाहा. गरज पडली तर छोटा हीटर रात्रीच लावा. बाहेरची हवा रात्री थंड असते, म्हणजे दिवे दिवसा बंद ठेवून रात्री लावले तर दिव्यांची उष्णता कामी येते. झाडाला घड्याळ कळत नाही, फक्त उजेड-अंधाराचा क्रम कळतो. दाट झाडांची आतली पानं काढून टाका.

पहाटे पानांच्या टोकाला एकेक थेंब लटकलेला दिसला तर ते दव नसेलही. मुळं पाणी ढकलतात आणि हवा ते घेत नाही, तेव्हा झाड कडांवरून ते बाहेर टाकतं. अधूनमधून ठीक आहे. रोज दिसलं तर पाणी कमी करा.

डिह्युमिडिफायर (हवेतली वाफ काढून घेणारं यंत्र) लावला तर खोली गरम झाली. बिघडलाय का?

नाही. एक लिटर वाफेचं पाणी होताना सुमारे ०.६८ किलोवॅट-तास उष्णता सुटते, वर यंत्र स्वतः खातं ती वीजही शेवटी उष्णताच होते. ही सगळी उष्णता खोलीतच राहते. झाडांनी पाणी सोडताना जी उष्णता शोषली तीच तुम्हाला व्याजासकट परत मिळते असं समजा. लहान टेंटमध्ये यंत्र आत ठेवण्यापेक्षा बाहेरच्या खोलीत ठेवून तीच कोरडी हवा आत ओढलेली बरी. कॉम्प्रेसरवालं यंत्र १५ अंशांखाली नीट काम करत नाही. थंड जागेसाठी ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा डेसिकंट प्रकार घ्या.

एलईडी दिवे थंड असतात म्हणतात, तरी माझा टेंट तापतो. का?

एलईडी सोडियम दिव्यासारखे पानांवर उष्ण किरण मारत नाहीत, एवढंच खरं. बंद जागेत मात्र २०० वॅटचा दिवा म्हणजे जवळजवळ २०० वॅटचा हीटर. प्रकाशसुद्धा पानांवर, भिंतींवर पडून शेवटी उष्णताच होतो. झाड त्यातला अगदी थोडा भाग साखरेत साठवतं.

हिशेब सोपा आहे. २०० वॅट उष्णता बाहेर नेऊन टेंट खोलीपेक्षा फक्त पाच अंशांनी गरम ठेवायचा तर तासाला सुमारे १२० घनमीटर हवा बदलावी लागते. फरक अडीच अंशांवर आणायचा तर त्याच्या दुप्पट. कार्बन फिल्टर आणि वळणदार नळी लावली की पंख्याची डब्यावर छापलेली क्षमता बरीच घटते, म्हणून एक माप मोठा पंखा घेऊन तो हळू चालवा. आवाजही कमी होतो.

आणि एक्झॉस्ट कितीही मोठा लावला तरी टेंट खोलीपेक्षा थंड होणार नाही. खोली ३२ अंशांची असेल तर दिवा कमी करा, रात्री लावा किंवा खोलीच थंड करा. चौथा उपाय मला तरी सापडलेला नाही.

एसी किंवा हीटर असलेल्या खोलीत झाडं ठेवली तर?

चालतात. झोताच्या वाटेत ठेवू नका. दोन्ही यंत्रं सापेक्ष आर्द्रता खाली आणतात, पण कारणं वेगळी: एसी वाफेचं पाणी करून बाहेर टाकतो, हीटर हवेची तहान वाढवतो.

झाडांवर पंखा सतत चालवावा का?

हो, पण पानं किंचित डोलतील इतकाच. प्रत्येक पानाला स्थिर, दमट हवेचा पातळ थर चिकटलेला असतो. पंखा तो थर उडवतो, त्यामुळे वाफ सुटते, कार्बन डायऑक्साइड पोचतो आणि खोडंही जाड होतात. एकाच पानावर दिवसभर जोराचा झोत आला तर त्याची कड वळते, करपते. भिंतीवर आपटून परतणारी हवा उत्तम.

बिया आणि छाट कलमं झाकून ठेवायची का?

कलमाला मुळं नसतात, पण पानं पाणी सोडतच असतात. म्हणून ८० ते ९० टक्के आर्द्रता हवी. पारदर्शक झाकण किंवा पिशवी पुरते. तळाला २१ ते २५ अंशांची ऊब मिळाली तर मुळं लवकर फुटतात. मिरचीच्या बियांना आणखी थोडी जास्त आवडते, लेट्यूसचं बी मात्र ३० अंशांच्या वर गेलं की झोपूनच राहतं.

बी उगवलं की झाकण लगेच सैल करा. दमट, स्थिर हवेत रोपं मातीलगत काळी पडून एका रात्रीत आडवी होतात. कलमांचं झाकण मात्र आठ-दहा दिवसांत थोडं थोडं उघडत न्या. गच्च दमट हवेत वाढलेल्या पानाची मेणकट साय पातळ असते आणि रंध्रं मिटायची सवय नसते. एकदम बाहेर काढलं की ते दुपारपर्यंत कोमेजतं. नव्याने विकत आणलेलं झाड पहिल्या पंधरवड्यात पानं टाकतं त्याचंही बऱ्याचदा हेच कारण.

मुळांच्या तापमानाला महत्त्व आहे का?

मातीच्या कुंडीत थोडं, पाण्यातल्या लागवडीत खूप. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसात. गरम पाण्यात मुळांना श्वास जास्त लागतो आणि मिळतो कमी; वर मूळकुज घडवणाऱ्या पायथियम या बुरशीसारख्या जीवाला ते वातावरण मानवतं. टाकीचं पाणी १८ ते २२ अंशांत ठेवा. टाकी जमिनीवर, अपारदर्शक आणि दिव्यापासून दूर.

थंड फरशीवर ठेवलेल्या कुंडीचा उलटा त्रास: वर ऊब, खाली गारठा, मुळं पाणी उचलत नाहीत. लाकडी पाट किंवा स्टँड द्या.

पानांची टोकं तपकिरी झाली म्हणजे आर्द्रता कमीच ना?

नेहमी नाही. स्पायडर प्लांट आणि ड्रॅसिनाची टोकं पाण्यातल्या फ्लोराइडनेही जळतात. त्यांना ह्युमिडिफायर लावून उपयोग नाही. मातीवर पांढरी पापडी दिसत असेल तर क्षार साचलेत, भरपूर पाणी घालून कुंडी निथळून घ्या. फक्त खिडकीच्या किंवा झोताच्या बाजूचीच पानं खराब असतील तर जागा बदला. नवी पानं वाकडी, अडकलेली निघत असतील आणि मीटर ४० च्या खाली असेल, तेव्हा आर्द्रतेला दोष द्या. करपलेलं टोक पुन्हा हिरवं होणार नाही. सुधारणा पुढच्या पानात दिसते.

कोणत्या हवेत कोणता रोग येतो?

गरम आणि कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड. ३० अंशांच्या आसपास त्याची पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते, त्यामुळे ‘काल तर काही नव्हतं’ असं वाटतं. पानाच्या पाठीवर बारीक ठिपके आणि जाळं शोधा. करड्या बुरशीला ओलं पान किंवा जवळजवळ संपृक्त हवा लागते. भुरी (पानांवर पांढरी भुकटी दिसणारी बुरशी) फसवी आहे: तिला पानावर पाणी नकोच असतं, रात्री दमट आणि दिवसा कोरडी अशी हवा तिला आवडते. म्हणून ‘माझी पानं कधीच ओली नसतात’ म्हणणाऱ्यांकडेही ती येते.

एकाच खोलीत निवडुंग आणि नेचा दोन्ही ठेवायचेत. आर्द्रता कुणाच्या सोयीची?

निवडुंगाच्या. खोली ४०-४५ टक्क्यांवर राहू द्या, निवडुंग सगळ्यात उजेडाच्या खिडकीत ठेवा, नेचा काचेच्या पेटीत. उलटं केलंत, म्हणजे नेच्यासाठी अख्खी खोली ७० टक्क्यांवर नेली, तर निवडुंगाची माती सुकायलाच तयार होत नाही आणि तो बुडातून मऊ पडतो.